कोट गावाचा, हात कोणाचा?

अन्याय झाला तो आमच्या वाडीतल्या शिंप्याच्या थोरल्या मुलावर. कधी झाला तेही सांगून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी 'असं काही घडलंच नव्हतं' म्हणायला नको. सत्तावन्न सालचा वैशाख. ईद होऊन गेली होती, पोराच्या लग्नाला चार दिवस उरले होते, आणि ऊन उतरल्यावर मारुतीच्या पारावर गावातली मोठी माणसं सुपारी कातरत बसली होती. त्यांतले एक, ज्यांना सगळी वाडी अण्णा म्हणते, त्यांनी घसा साफ केला आणि जाहीर केलं, "गावचा कोट या लग्नापासून बंद."

'या लग्नापासून.' हे दोन शब्द लक्षात ठेवा. सगळी लबाडी त्यांत आहे.

आमची वाडी दिघी आणि चऱ्होलीच्या मधे. दुसरी मोठी लढाई संपल्यावर दिघीच्या लष्करी मैदानात जुन्या सामानाचा लिलाव झाला. तंबू, घमेली, बूट, आणि त्यांत एक काळा लोकरी कोट, कुठल्या तरी गोऱ्या साहेबाचा. वाडीनं वर्गणी काढून तो घेतला. शेतकऱ्यांनी दिलं, दगड फोडणाऱ्या वडारवस्तीनं दिलं. शिंप्याकडे द्यायला काही नव्हतं, त्यानं आतलं फाटकं अस्तर काढून घरचं नवं अस्तर घातलं. तेव्हापासून वाडीत ज्याचं लग्न, त्याच्या अंगावर तो कोट. धोतरावर कोट, लेंग्यावर कोट. ज्याला तो मिळाला तो वाडीचा माणूस. ज्याला नाही मिळाला, असा कोणी तोवर झालाच नव्हता.

आता त्याचे नियम. कोट कोणाच्या पेटीत राहत नाही. ज्याचं लग्न शेवटचं झालं, त्याच्या घरी खुंटीला असतो. पुढचा नवरा ठरला की कोट आधी शिंप्याकडे जातो. शिंपी कात्री लावत नाही. नवरा जाडा की बारीक ते बघून नुसता उसवतो, दुमडतो, टाके घालतो. मग जुना नवरा मागे उभा राहून स्वतःच्या हातानं तो नव्याच्या अंगावर चढवतो आणि एवढंच म्हणतो, "आता तुझी पाळी, भावा." आणि एकदा त्या हातानं चढला की नवरीनं बघेपर्यंत उतरवायचा नाही, घामानं न्हाऊन निघालात तरी. एका वर्षी एकानं मंडपात उकडतंय म्हणून उतरवला होता. त्याच्या पुढच्या नवऱ्याची सोयरीक हळद लागल्यावर मोडली. खरंखोटं मारुती जाणे. मी पत्रकं लिहिणारा माणूस, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. पण वाडीतल्या बायकांचा आहे, आणि वाडी कोण चालवतं ते मला ठाऊक आहे.

तर त्या दिवशी मी पाराला टेकूनच उभा होतो. विचारलं, "अण्णा, याच लग्नापासून का?"

अण्णांनी बंडीच्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. माझंच पत्रक. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ जोरात होती, वाडीतल्या मंडळाचे अण्णा पुढारी आणि मी त्यांचा लिहिता हात. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'परकी भाषा अंगावरून उतरवून फेका!' वाक्य कोणाचं? तुझं. कोट इंग्रजाचा, शब्द इंग्रजाचा. आपण मराठी राज्य मागायचं आणि आपल्या नवऱ्यांनी साहेबाचा कोट घालून मिरवायचं? शोभतं का?"

"मी भाषा म्हटलं होतं, अण्णा. आणि परकं तेवढं उतरवायचंच असेल, तर नाकावर काय आहे तुमच्या?"

"चष्मा."

"फारशी शब्द. उतरवा. हातात काय आहे?"

"अडकित्ता."

"कानडी. ठेवा खाली."

पार हसला. अण्णांनी चष्मा उतरवला नाही, सुपारी मात्र कातरायची थांबवली. मग कोपऱ्यातून एक म्हातारा बोलला, आणि खरं काय ते त्यानं बोलून टाकलं. "आरं, त्यांच्यात शेरवानी असती. त्यांना कोट कशाला?"

"आजोबा, हे अस्तर घालून घेताना का नाही सांगितलं?"

"तवा कुणाच्या डोक्यात व्हतं?"

हे बघा. अस्तर चालतं, शिवण चालते, माणूस चालत नाही.

शिंप्याला आम्ही चाचा म्हणतो. वाडीत जन्मलेले, बापही इथलाच, बोलणं आमच्यासारखं, फक्त रागावले की हिंदुस्थानीत रागावतात. त्यांचा थोरला माझा लहानपणापासूनचा दोस्त, तालमीतला जोडीदार. पिंपरीच्या नव्या कारखान्यात फिटरच्या हाताखाली लागला होता, रोज सायकलनं जायचा. आणि चळवळीची पत्रकं भिंतीवर चिकटवायला लागणारी खळ कोणाच्या चुलीवर शिजायची? चाचांच्या. 'मराठी राज्य झालंच पाहिजे' हे मोठ्या अक्षरांत दिघीपर्यंतच्या भिंतींवर कोणी डकवलं? थोरल्यानं. मी शिडी धरायचो आणि सूचना द्यायचो.

त्याला जाऊन सांगितलं तेव्हा तो सायकलच्या चेनीला तेल घालत होता. "राहू दे," म्हणाला. मग बराच वेळ चेन फिरवत राहिला. तेल केव्हाच संपलं होतं. शेवटी म्हणाला, "चाकणला सासरच्यांना सांगून बसलोय राव, गावचा कोट घालून येतोय म्हणून. त्यांच्यात कुणाचंच गाव कुणाला काही देत नाही. त्यांना फार नवल वाटलं होतं."

मला जे पेटायला लागतं ते तेवढंच.

मी ठरवलं, अण्णांना शब्दावरच धरायचं. कोट इंग्रजांचा ना? बघू. सायकल काढली आणि कोट या शब्दाची कुळकथा गोळा करत हिंडलो. कोट्या करायची मला हौस नाही, हा सरळ तपास होता.

पहिला गाठला वडारवस्तीतला शेवटचा नवरा. कोट त्याच्याच खुंटीला होता. त्यांच्या घरात तेलुगूच्या वळणाची बोली. तो छिन्नीला धार लावत म्हणाला, "आमच्यात कोटा म्हंजी किल्ला. मला वाटलं साहेबाच्या बोलीत अंगरख्याला किल्ला म्हणत्यात. गोळी लागू नये म्हणून."

मग पिंपरीच्या निर्वासितांच्या वस्तीतला सिंधी कापडवाला. सायकलला कापडाचे तागे बांधून तो गावोगाव फिरायचा. म्हणाला, "साईं, सिंधमध्ये गावाच्या नावात कोट, तटबंदीला कोट. उमरकोट ऐकलंस ना? किल्लाच तो." आणि लगेच, "कोटाचं कापड दाखवू?" मी म्हटलं, कापड नको, शब्द हवा. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की फाळणीनंतर एवढं नुकसानीचं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

चाकणचा भुईकोट तर आपल्या नाकासमोर. तिथल्या पडक्या बुरुजाला विचारायचीही गरज नव्हती. पिंपरीच्या शाळामास्तरांकडे जाडजूड इंग्रजी शब्दकोश होता, तो उघडून घेतला. अंगातला कोट इंग्रजांचासुद्धा नाही निघाला! फ्रेंचांकडून आलेला, आणि त्याआधी कुठल्या तरी जर्मन टोळ्यांचा. म्हणजे किल्ला तो कोट वेगळा, अंगरखा तो कोट वेगळा. ना नातं, ना गोत. एस.टी.त शेजारी बसलेल्या दोघांचं आडनाव एक निघावं आणि दोघांनी एकमेकांच्या गावाचं नावही ऐकलेलं नसावं, तसं.

आणि शेवटचा साक्षीदार दिघीचा पेन्शनर हवालदार. लढाईत इटलीला जाऊन आलेला. तिथं त्याच्या पलटणीशेजारी पोलंडचे शिपाई होते. "ते मांजराला कोट म्हणायचे," तो म्हणाला. मी म्हटलं, थट्टा करता. त्यानं मिशीवर हात ठेवून शपथ घेतली. "अरे, 'कोट, कोट' करून दूध पाजायचे बोक्याला. मी पहिल्या दिवशी माझा कोट लपवून ठेवला होता."

हे सगळं घेऊन मी पारावर परत आलो आणि एका दमात मांडलं. शब्द कोणाच्याही सातबाऱ्यावर नाही, अण्णा. एका भाषेत किल्ला, एकीत अंगरखा, एकीत मांजर. तुम्हाला परका कोट नको असेल तर पोलंडचा द्या, नवऱ्याच्या खांद्यावर बोका बसवू. पण कारण म्हणून शब्द पुढं करू नका.

मी समजलो, जिंकलो. पण अण्णा मंडळ चालवून मुरलेले. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे कोट म्हणजे किल्ला?"

"एक अर्थ तसा."

"म्हणजे शब्द आपलाच! शिवकाळातला!" ते पाराकडे वळले. "ऐकलंत? आपल्या पोरानं शोध लावलाय. मग कोट घालायला हरकत नाही. आमच्या चिरंजीवांचं लग्न पुढच्या आठवड्यात आहेच, तिथपासून पुन्हा सुरू करू."

"आणि चाचांच्या थोरल्याचं? ते तर परवा आहे."

"त्याचा निर्णय झालेला आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "झालेला निर्णय मागं घेत नसतात. वाईट पायंडा पडतो."

वाचकहो, मी आजवर पुष्कळ सरकारी खुलासे वाचले आहेत. इतका सफाईदार एकही नाही. परवाच्या नवऱ्याला तोच शब्द इंग्रज, पुढच्या आठवड्यातल्या नवऱ्याला शिवकालीन. शब्द जागचा हलला नव्हता. नवरा बदलला होता.

आणि आता खरी गंमत. त्याच संध्याकाळी अण्णांनी नेहमीच्या रिवाजाप्रमाणे वडाराला निरोप धाडला, की आमच्या चिरंजीवांसाठी कोट शिंप्याकडे टाक. वाडीत शिंपी एकच. ज्याच्या पोराला कोट नाही, त्याच्याच घरी कोट! हे अण्णांच्या डोक्यातही आलं नाही. अस्तर कुणाच्या डोक्यात येतं?

मी पोचलो तेव्हा कोट चाचांच्या मशीनवर पसरलेला होता थोरला भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि कोट घेऊन आलेला वडार दाराशी टेकला होता. मी म्हटलं, "चाचा, नशिबानं घरी चालत आलाय. परवा घालू दे त्याला, तेरवा टाके घालून अण्णांना द्या. कोण बघतंय?"

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "गिऱ्हाइकाचं कापड शिंप्याच्या घरात अंगावर चढत नाही, बेटा. माझ्या बापानं चढवलं नाही. मी नाही. गावानं दिला असता तर गोष्ट निराळी. चोरून घातला तर तो गावचा कोट नाही, चोरीचा कोट."

ह्या माणसाशी वाद घालणं म्हणजे भुईकोटाला डोकं आपटणं. तेवढ्यात अण्णा स्वतःच दारात आले, माप सांगायला. चिरंजीव पत्रिका वाटायला पुण्याला गेलेले, मापाला अंग नाही.

"त्यात काय," अण्णा म्हणाले. "तुमचा थोरला आणि आमचा, दोघं एकाच तालमीतले. खांदे सारखेच आहेत. याच्याच अंगावर घालून बघा. आमच्याचं पोट तेवढं दोन बोटं सोडा."

आणि पान थुंकायला बाहेर गेले, ते गप्पा मारत रस्त्यावरच थांबले.

त्यांनी काय सांगून ठेवलं ते त्यांना कळलं नाही. मला कळलं. मी वडाराकडे बघितलं. तो निघायच्या बेतात होता.

"थांब की जरा," मी म्हटलं. "कोट जड आहे. त्याला मागून धर, म्हणजे बाह्या नीट जातील."

वडारानं माझ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, थोरल्याच्या पाठीकडे पाहिलं. दगड कुठं फुटणार ते त्या माणसाला ठोका मारायच्या आधी दिसतं. तो हसला, हात धोतराला पुसले आणि कोट उचलला.

चाचांच्या तोंडात टाचण्या होत्या. शिंप्याच्या तोंडात टाचण्या असल्या की त्याच्या भाषेत दोनच शब्द उरतात, 'हं' आणि 'अंहं'. चाचा खडूनं रेघ मारायला वाकले होते. थोरल्यानं हात मागे केले. एक बाही गेली. दुसरी गेली. वडारानं गळपट्टी सारखी केली, दोन्ही खांद्यांवर थाप मारली आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आता तुझी पाळी, भावा!"

"अंहं!" चाचा म्हणाले. "अंहं! अंहं!!"

टाचण्या एकेक करून बाहेर काढेपर्यंत झालं ते झालं. मग ते हिंदुस्थानीत जे बोलले, ते माझ्याबद्दल होतं आणि छापण्यासारखं नाही. पण कोटाला त्यांनी हात लावला नाही. थोरला तसाच उभा. हात अजून मागेच, कोणी पुतळा करून ठेवल्यासारखा.

अण्णा धावत आत आले. "हे काय चाललंय?"

"माप," मी म्हटलं. "तुम्हीच सांगितलंत."

"उतरव तो कोट!"

"मला न्हाई उतरवता यायचा, अण्णा," वडार अगदी गरीब तोंड करून म्हणाला. "माझ्या हातानं चढलाय. आता नवरीनं बघितल्याबिगर कसा उतरवू? तुमी उतरवा की. तुमी मोठं मानूस."

अण्णा पुढं झाले. एका बटणाला हात लागला असेल नसेल, तोच दारातून आवाज आला.

"हात लावाल तर बघा!"

अण्णांच्या मंडळी, आमच्या काकू. आरडाओरडा ऐकून आल्या होत्या, हाताला पीठ तसंच. "पुढचं लग्न कुणाचं हाय? माझ्या लेकाचं! उतरवा कोट, आन् मोडा माझ्या घरची सोयरीक! उतरवा!"

"अगं, ह्या जुन्या समजुती..."

"जुन्या? आपल्या लग्नात अंतरपाट हलला तर तुमी ब्राह्मणाला किती शिव्या घातल्या व्हत्या, सांगू का हितं?"

अण्णांचा हात बटणावरून खाली आला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझं पत्रक-बित्रक बंद." मी म्हटलं, "कोणत्या लग्नापासून?" काकू पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णा पाय आपटत निघून गेले.

चाचा मात्र अजून अडलेले. "गावानं दिला का, ते सांग."

उत्तर काकूंनी दिलं. "दिला चाचा. म्यां बघितलं की."

चाचांनी मान हलवली. "मग बसवू दे नीट. खांद्यात ओढतोय."

थोरला कोटासकट झोपला, कोटासकट जेवला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात रजा होती म्हणून बरं, नाहीतर तो कोट घालूनच मशीनवर गेला असता. निकाहाला वाडीच्या दोन बैलगाड्या चाकणला गेल्या, एकीत वडार आणि मी. डाव्या बाहीवर कच्चा पांढरा दोरा तसाच होता. चाचा म्हणाले, राहू दे, नजर लागणार नाही. त्यांच्यात नवरा-नवरीला मधे आरसा धरून एकमेकांचं तोंड दाखवतात. नवरीनं आरशात पाहिलं आणि फसकन् हसली. घामानं थोरल्याचा चेहरा तेल लावलेल्या चेनीसारखा चकाकत होता. मला शंका आली, आरशात बघितलेलं आपल्या नियमात बसतं का?

"दिसलं न्हवं तिला?" वडार म्हणाला. "मग झालं. काढ रे भावा, काढ, मरशील."

हसू नका एवढ्यात. गोष्ट संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

नियमानं कोट आता थोरल्याच्या खुंटीला आला. पुढचा नवरा अण्णांचा चिरंजीव, म्हणजे त्याच्या अंगावर कोट थोरल्याच्या हातानं चढायला हवा. अण्णांनी निरोप धाडला, "कोट पाठवून द्या, चढवायला तुमचा हात लागणार नाही." थोरल्यानं कळवलं, "कोट गावाचा आहे, केव्हाही या. पण हात माझाच लागेल." अण्णांचा चिरंजीव नुसत्या सदऱ्यावर बोहल्यावर चढला. काकू आठवडाभर अण्णांशी बोलल्या नाहीत. तेव्हापासून वाडीत लग्नं झाली, पण नवरे पिंपरीहून तयार कोट आणायला लागले. खांद्यात ढगळ, बाहीत तोकडे, प्रत्येकाचा स्वतःचा. विचारलं की सांगतात, "आता कुठं तो जुना वापरायचा, राव? लोकर टोचते." दहा वर्षं टोचत नव्हती.

कोट तिथंच आहे. थोरला दर दसऱ्याला उन्हात घालतो, झटकतो, परत टांगतो. डाव्या बाहीतला कच्चा दोरा त्यानं काढलेला नाही. गेल्या खेपेला मी विचारलं, "कंटाळा नाही येत?" तो म्हणाला, "येईल की कुणीतरी. मला ते वाक्य म्हणायचंय एकदा."

तर माझी मागणी. महाराष्ट्राची नाही, मुंबईची नाही, ती दुसऱ्या पत्रकात आहे. ही तुमच्याकडे आहे. यंदा तुमच्या घरी लग्न असेल, तर तो तयार कोट दुकानात परत द्या. नवऱ्या मुलाला घेऊन चाचांच्या थोरल्याच्या दारात जा. शब्द कुठून आला ते विचारत बसू नका, ते मी विचारून आलोय. मुलाला उंबऱ्याच्या आत उभा करा, थोरल्याकडे पाठ करायला सांगा, आणि दोन्ही हात मागे करायला सांगा.